रोमन सम्राज्ञींची कांस्य नाणी: नव्या संग्राहकाने सुरुवात कशी करावी

रोमन सम्राटाच्या नाण्यावरून साल काढणं बऱ्याचदा सोपं असतं. तो कितव्यांदा कॉन्सल (रोमचं एक सर्वोच्च पद) झाला, त्याच्या अधिकाराचं कितवं वर्ष चालू आहे, हे मुद्रालेखातच, म्हणजे नाण्यावरच्या अक्षरांतच, कोरलेलं असतं. आकडा तक्त्याशी ताडून पाहिला की वर्ष हाती येतं. त्याच्या बायकोच्या, आईच्या किंवा मुलीच्या नाण्यावर यातलं बहुधा काहीच सापडत नाही, कारण ही पदं बाईला मिळतच नव्हती. तिच्या नाण्यावर असतात ते नाव, बिरुद, केस आणि मागच्या बाजूची एखादी देवी. एवढ्यावरून ती कोण आणि नाणं केव्हाचं हे ठरवायचं असतं. म्हणून ही नाणी वाचायची रीत थोडी वेगळी आहे आणि ती पहिल्यापासून नीट लावून घेतली तर पुढे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

पायरी १: आधी वजन, मग चेहरा

नवा माणूस नाणं हातात आलं की थेट चेहऱ्याकडे बघतो. त्याआधी ते काट्यावर ठेवा. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, मिलिमीटर दाखवणारा कॅलिपर आणि दहापट दाखवणारं भिंग एवढी सामग्री पुरते.

‘कांस्य नाणी’ हा आपला सोयीचा शब्द. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत प्रत्यक्षात धातू दोन होते. सर्वांत मोठं नाणं सेस्टर्टियस, पितळेचं; व्यास साधारण ३२ ते ३५ मिमी आणि चांगल्या काळात वजन २५ ग्रॅमच्या आसपास. त्याच्या निम्म्या किमतीचं दुपॉन्डियस, तेही पितळेचंच, १२-१३ ग्रॅमचं. त्याच्या निम्म्याचं आस, तांब्याचं, १०-११ ग्रॅमचं. म्हणजे चार आस म्हणजे एक सेस्टर्टियस आणि चार सेस्टर्टियस म्हणजे चांदीचा एक दिनार.

इथे पहिली अडचण येते. सम्राटाच्या दुपॉन्डियसवर बहुतेक वेळा किरणांचा मुकुट असतो, आसवर पानांची माळ. बाईला किरणांचा मुकुट नसे. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या सम्राज्ञीचं दुपॉन्डियस आणि आस दिसायला सारखीच, वजनंही एकमेकांत मिसळतात. कुठे पॅटिना, म्हणजे काळाने धातूवर चढलेला थर, उडून मूळ धातू दिसत असेल तर पिवळा की लाल ते बघायचं, एवढाच उपाय. धातू झाकलेला असला तर जाणते लोकही ‘दुपॉन्डियस किंवा आस’ असं लिहून मोकळे होतात. तुम्हीही तसंच लिहा. रंग बघण्यासाठी कड कानशीने घासू नका.

तिसऱ्या शतकात स्त्रियांसाठीही खूण निघाली. अर्धपुतळा चंद्रकोरीवर ठेवलेला दिसला की नाणं दुप्पट किमतीचं समजायचं. सम्राटाच्या किरणमुकुटाची जागा बाईच्या नाण्यावर चंद्रकोरीने घेतली. तोवर सेस्टर्टियसचं वजन बरंच उतरलेलं असतं. शतकाच्या मध्याला १६ ते २० ग्रॅमचं सेस्टर्टियस दिसलं तर दचकायचं कारण नाही.

पायरी २: केस बघा

साल नसलेल्या नाण्यावर केस हेच पंचांग. दरबारातल्या बायकांची केशरचना पिढीगणिक बदलत गेली आणि टांकसाळीतल्या कोरक्यांनी ती इमानाने उतरवली. अक्षरं पार झिजली तरी डोक्याचा आकार टिकतो, त्यामुळे ही पायरी सर्वांत कामाची.

सम्राट हेड्रियनची बायको साबिना. काही नाण्यांवर तिची लांब वेणी मानेवर लोंबते, काहींवर केस उंच रचून वर मुकुटपट्टी.

अँटोनायनस पायसची बायको थोरली फाउस्टिना. कपाळावरून लाटांसारखे मागे घेतलेले केस, त्यांच्या वेण्या घालून डोक्याच्या अगदी वर बांधलेला अंबाडा. हा अंबाडा एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही. घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यावरसुद्धा टाळूवर उंचवटा दिसला की अर्धं काम झालं.

तिची मुलगी धाकटी फाउस्टिना, मार्कस ऑरेलियसची बायको. हिचा अंबाडा खाली, मानेजवळ. सुरुवातीच्या नाण्यांवर मोत्यांच्या सरी डोक्याभोवती गुंडाळलेल्या, पुढे मऊ लाटा आणि साधा गोळा. जर्मन अभ्यासक क्लाउस फिट्शन यांनी तिच्या प्रतिमांचे नऊ प्रकार पाडले आणि त्यांची सांगड तिच्या बाळंतपणांशी घातली. या जोडप्याला डझनाहून अधिक मुलं झाली, त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. नवं मूल झालं की नवी प्रतिमा, हा विचार सगळ्या बाबतीत पटो न पटो, पण धाकटीची चार नाणी शेजारी ठेवून केसांतला फरक शोधण्याइतका चांगला सराव दुसरा नाही.

धाकटीची मुलगी लुसिला आणि सून क्रिस्पिना या दोघी मात्र घोळ करतात. दोघींचाही अंबाडा मानेजवळ, लाटा तशाच. इथे केसांवर भरवसा न ठेवता अक्षरांकडे वळायचं.

सेप्टिमियस सेवेरसची बायको युलिया डोम्ना सीरियातल्या एमेसाची. कान झाकणाऱ्या जाड, उभ्या लाटा आणि मागे रुंद, चपटा अंबाडा. हा केसांचा टोप असावा असं अनेकांचं मत आहे. पुढे सम्राट अलेक्झांडर सेवेरसची आई युलिया ममाया हिच्याकडे हा सगळा पसारा आटोपशीर होतो, केस डोक्याला चिकटून बसतात. सम्राट फिलिपची बायको ओटासिलिया सेवेरा आणि सम्राट डेसियसची बायको हेरेनिया एट्रुसिला यांच्या वेळेपर्यंत वेणी मानेवरून उचलून टाळूपर्यंत आणलेली दिसते.

एक खूण जाता जाता. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र दिसलं तर नाणं मरणोत्तर असण्याची शक्यता मोठी. खात्री मात्र मुद्रालेखानेच करायची.

पायरी ३: अक्षरं लावा

लॅटिन येत नसलं तरी चालतं. तीन गोष्टी डोक्यात असल्या की पुष्कळ झालं. ‘यू’ हे अक्षर ‘व्ही’सारखं कोरतात. शब्दांमध्ये अंतर सोडतीलच असं नाही. आणि जागा पुरत नसल्याने शब्द तोडतात; ‘ऑगस्टा’ या सम्राज्ञीच्या बिरुदाचं नुसतं ‘ऑग’ होतं. मागच्या बाजूला मोठाली ‘एस’ आणि ‘सी’ ही अक्षरं दिसतील. ती ‘सेनेटच्या ठरावाने’ या अर्थाची असून रोमच्या तांबे-पितळेच्या नाण्यांवर जवळपास कायम असतात. नव्या माणसाला ती राणीच्या नावाचा भाग वाटतात.

दोन फाउस्टिनांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो, म्हणून तो इथेच सोडवू. मुद्रालेखात ‘दिवा फाउस्टिना’ असेल, म्हणजे देवपदाला गेलेली फाउस्टिना, आणि पुढे काही नसेल, तर ती आई. ‘दिवा’सोबत ‘पिया’ असेल तर मुलगी. नुसतं ‘फाउस्टिना ऑगस्टा’ असेल तर बहुतेक मुलगी, हयातीतली. शेवटी ‘फिल’, म्हणजे कन्या, असं आलं तर तीही मुलगीच, आणि नाणं बापाच्या कारकिर्दीतलं, १४७ ते १६१ मधलं. ‘अँटोनायनसची’ असा संबंध दाखवून ‘फिल’ मात्र नसेल, तर ती आई, जिवंतपणीची. ही शेवटची नाणी बाकीच्यांच्या मानाने कमी मिळतात. थोरली १४० च्या अखेरीस वारली आणि नवरा पुढे वीस वर्षं तिच्या नावाने नाणी पाडत राहिला. त्यामुळे तिची मेल्यानंतरची नाणी जिवंतपणीच्या नाण्यांपेक्षा कितीतरी जास्त.

युलिया डोम्नाचं नाव तर कालमापकच आहे. रोमच्या टांकसाळीत आधी ‘युलिया डोम्ना ऑग’, १९६ च्या सुमारापासून ‘युलिया ऑगस्टा’, आणि नवरा गेल्यावर, २११ पासून, ‘युलिया पिया फेलिक्स ऑग’. फेलिक्स हा शब्द दिसला की मुलगा काराकालाच्या राज्यातलं नाणं हे नक्की.

अक्षरं ग्रीक दिसली तर नाणं रोमचं नाही, पूर्वेकडच्या एखाद्या शहराने स्वतःच्या गरजेपुरतं पाडलेलं. ती दुनिया फार मोठी आणि फार मजेची, पण पहिल्या वर्षी तिकडे वळू नये असं माझं मत आहे.

पायरी ४: मागची बाजू

मागे बहुधा एक उभी किंवा बसलेली स्त्री असते आणि बाजूला तिचं नाव. जुनो असेल तर पायाशी मोर, सेरेसच्या हातात कणसं किंवा मशाल, व्हीनसच्या हातात सफरचंद. बाकीच्या म्हणजे गुणांची मानवी रूपं: पुडिसितिया म्हणजे शील, कॉन्कॉर्डिया म्हणजे सलोखा, फेकुंडितास म्हणजे सुफलता. राणीकडून दरबाराची अपेक्षा काय होती ते यातून उघडच कळतं. नाण्यावरच्या शीलाचा आणि प्रत्यक्ष घरातल्या घडामोडींचा मेळ दर वेळी बसेलच असं नाही. लुसिलाच्या नाण्यांवर पुडिसितियाही आहे आणि कॉन्कॉर्डियाही. तिने मात्र सख्खा भाऊ कॉमोडस याला मारण्याचा कट केला आणि १८२ मध्ये कॅप्री बेटावर हद्दपार होऊन जीव गमावला.

काही नाण्यांच्या मागच्या बाजू आवर्जून शोधाव्यात अशा आहेत. धाकट्या फाउस्टिनाच्या एका प्रकारावर सजवलेल्या आसनावर दोन तान्ही बाळं आहेत. १६१ मध्ये झालेली ही जुळी, त्यातलं एक म्हणजे पुढचा सम्राट कॉमोडस. दुसऱ्या एका सेस्टर्टियसवर ती स्वतः उभी आहे, दोन बाळं कडेवर आणि चार पायाशी. ओटासिलिया सेवेराच्या एका नाण्यावर चक्क पाणघोडा आहे. रोम शहराला हजार वर्षं झाली म्हणून २४८ मध्ये भरवलेल्या खेळांची ती आठवण.

कोणापासून सुरुवात करावी

लिव्हियापासून करू नये. ऑगस्टसची बायको, टायबेरियसची आई, २२-२३ सालच्या ‘सालुस ऑगस्टा’ दुपॉन्डियसवरचा तो नितळ चेहरा कोणालाही हवासा वाटेल. पण त्या नाण्यावर तिचं नाव नाही, चेहरा तिचाच की आरोग्यदेवीचा यावर वाद आहे, आणि चांगली प्रत महाग. सम्राट कालिगुलाने आईसाठी काढलेलं नाणंही तसंच. थोरली अग्रिपिना पांडाटेरिया बेटावर वनवासात मेली, आणि पोराने गादीवर येताच दोन खेचरांचा शाही रथ कोरून तिच्या स्मृतीला सेस्टर्टियस काढलं. बघावं, फोटो जमवावेत, घाई करू नये.

सुरुवात थोरल्या फाउस्टिनापासून करावी. नाणी भरपूर, चेहरा सहज ओळखू येणारा, मागच्या बाजूला वैविध्य. नवराबायकोच्या नावाचं देऊळ आजही रोमच्या फोरममध्ये उभं आहे; पुढचे खांब जुने आणि आत सान लोरेन्झो इन मिरांडा नावाचं चर्च. मग धाकटी, लुसिला, नंतर तिसऱ्या शतकातल्या ममाया आणि ओटासिलिया.

खिसा लहान असेल तर चौथ्या शतकात जा. कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिची छोटी नाणी, १९-२० मिमी, तीन ग्रॅमच्या आसपास, ३२४ नंतरच्या काही वर्षांतली, सहज मिळतात. मागे सुरक्षेची देवी हातातली फांदी खाली धरून उभी. चित्राखालच्या पट्टीत टांकसाळीची अक्षरं असतात: ‘एस एम एन’ म्हणजे निकोमीडिया, ‘एस एम के’ म्हणजे सिझिकस, ‘टी आर’ म्हणजे ट्रिअर. सून फाउस्टाची नाणी याच मापाची, मागे दोन मुलांना घेतलेली आई. ३२६ मध्ये नवऱ्यानेच तिचा जीव घेतला, त्यामुळे ती हेलेनापेक्षा कमी. आणि ३३७ नंतर, कॉन्स्टंटाइनच्या मुलांनी आजी हेलेना आणि आजोबांची दुसरी बायको थिओडोरा या दोघींच्या नावांनी एकाच वेळी दीड ग्रॅमची चिमुकली नाणी काढली. हयातीत ज्या एका घरात नांदल्या नसत्या त्या सवती एकाच टांकसाळीतून बाहेर पडल्या. ही जोडी थोड्या पैशांत जमते आणि जमवल्याचं समाधान मोठं.

पायरी ५: विकत घेताना

न धुतलेल्या नाण्यांची पोतडी किलोवर विकतात, ती घेऊ नका. त्यात चांगलं काही उरलेलं नसतं. नाणं खरं असल्याची कायमची हमी लेखी देणारा विक्रेता निवडा. लिलावात बोलीवर कमिशन लागतं, बऱ्याच ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास, आणि वर टपाल नि सीमाशुल्क. सगळी बेरीज आधी करून मग बोलीचा आकडा ठरवा.

घेण्याआधी तोच प्रकार अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ओसीआरई’ या मोफत ऑनलाइन सूचीत शोधा. तिथे राणीच्या नावाने गाळणी लावता येते आणि जगभरच्या संग्रहालयांतले नमुने दिसतात. विक्रेते जो ‘आरआयसी’ क्रमांक देतात तो रोमन शाही नाण्यांच्या मोठ्या इंग्रजी सूचीतला. त्यांनी लिहिलेला क्रमांक बरोबर आहे का ते स्वतः ताडून पाहा, चुका सर्रास असतात.

सेस्टर्टियसच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका बनावटीचा नाही, ‘टूलिंग’चा आहे. नाणं खरंच जुनं, पण झिजलेलं. कुणीतरी टोकदार हत्याराने केस पुन्हा कोरलेत आणि पार्श्वभूमी घासून सपाट केलीय. भिंगाखाली हे असं दिसतं: गाल आणि नाक झिजून गुळगुळीत, केसांच्या रेषा मात्र कालच काढल्यासारख्या करकरीत. रेषेच्या तळाशी रंग वेगळा, पॅटिना तुटलेला. अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक समांतर ओरखडे. केस आणि गाल सारखेच झिजलेले असावेत, हा साधा नियम. झिजलेलं पण प्रामाणिक नाणं कोरून सजवलेल्या नाण्यापेक्षा दसपट बरं, भले फोटोत ते कमी खुलो.

बनावट नाणी बहुतेक ओतीव असतात. जुनी नाणी तापवलेल्या चकतीवर छाप ठोकून पाडत, त्यामुळे कडेला चिरा, चेपल्याच्या खुणा असतात. ओतीव नाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, मऊ पडलेली अक्षरं आणि कडेभोवती सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण. सोळाव्या शतकात पाडुआच्या जिओव्हानी दा काव्हिनोने सेस्टर्टियसच्या धर्तीवर अप्रतिम पदकं बनवली. त्यांच्या ओतलेल्या नकला आजही बाजारात फिरतात. फारच गोल, फारच सुबक अक्षरांचं नाणं दिसलं की थांबा.

तुर्कस्तानात इफेससला फिरायला गेलात आणि अवशेषांजवळ कुणी खिशातून ‘शेतात सापडलेलं’ नाणं काढलं, तर हात जोडून पुढे चला. नाणं बहुधा नकली असतं, आणि खरं निघालं तर ते देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे.

पायरी ६: घरी आल्यावर

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, यातलं काहीही नाही. देवघरातली भांडी लखलखीत झाली पाहिजेत, दोन हजार वर्षांचं पितळ नव्हे. पॅटिना एकदा गेला की परत येत नाही आणि किंमतही त्याच्यासोबत जाते. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, आणि लाकडी टूथपिकने हलकेच काढा.

खरा शत्रू म्हणजे ‘ब्राँझ डिसीज’. धातूत अडकलेल्या क्लोराइडला दमट हवा मिळाली की फिक्या हिरव्या रंगाची भुकटी फुलते, नखाने खरवडली तर पावडरसारखी सुटते, आणि खाली खड्डा पडत जातो. साधा हिरवा पॅटिना कठीण असतो, सुटत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे फार लवकर होतं, कपाटाला कुलूप असून उपयोग नाही. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या जुलैत दोन-तीनदा बदलायच्या. लागण झालेलं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. ठेवायला पीव्हीसीची मऊ पाकिटं वापरू नका, त्यातून निघणारा चिकट हिरवा थर नाण्यावर बसतो. मायलार या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची कडक पाकिटं किंवा गोल डब्या घ्या.

कायद्याचं थोडक्यात

भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं. खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे परदेशातून आणलेलं नाणं उद्या तिकडच्या लिलावात विकून टाकू हा हिशेब मनातून काढून टाका. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी सुट्टीला येताना संग्रह ‘दाखवायला’ सोबत आणू नये, परत नेताना विमानतळावर पंचाईत होईल. आयातीचे नियम आणि शुल्क ऑर्डर देण्याआधी सीमाशुल्काच्या जाणकाराकडून विचारून घ्या.

पायरी ७: नोंद ठेवा

प्रत्येक नाण्याला एक पान. नमुना असा:

थोरली फाउस्टिना, मरणोत्तर, १४० नंतर. सेस्टर्टियस, रोम. ३२ मिमी, २४.६ ग्रॅम. पुढे: ‘दिवा फाउस्टिना’, उजवीकडे तोंड, टाळूवर अंबाडा. मागे: एटर्निटास (चिरंतनता) बसलेली, हातात गोलावर फिनिक्स पक्षी, एस सी. पुढची बाजू सरळ असताना मागच्या बाजूचं डोकं घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे: १२. गडद हिरवा पॅटिना, गालावर झीज, कडेला चीर. कोणाकडून, कधी, एकूण खर्च किती, पावती कुठे ठेवली.

फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचाही, उजेड डावीकडून तिरका. आणि दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरला की, डबा उघडून प्रत्येक नाणं भिंगाखाली धरा, पुन्हा वजन करा आणि हिरवा ठिपका दिसला की नाही ते त्याच पानावर तारीख टाकून लिहा.